ताप उतरल्यानंतरचे तास

हे घड्याळ कुणा एका घरातलं नाही. आठ महिन्यांचं, आठ किलो वजनाचं बाळ, दिल्लीतला सप्टेंबर आणि डेंग्यू एवढं गृहीत धरलं आहे, आणि हा आजार बिघडतो तेव्हा बहुधा ज्या क्रमाने बिघडतो त्या क्रमाने तास मांडले आहेत. घर करोल बागेतलं. सांगली-साताऱ्याकडची गलाईवाली मराठी कुटुंबं सोनंचांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगली. त्यांतलंच एक समजा. दोन खोल्या, खाली दुकान, आणि आजी विट्याला, फोनवर. मोजणी उलटी आहे. शून्य म्हणजे बाळाचा रक्तदाब कोसळतो ती वेळ.

शुक्रवार, रात्री ९. बाकी १०२ तास.

दूध पाजताना आईच्या दंडाला बाळाचं कपाळ चटका देतं. काखेत थर्मामीटर धरला तर १०१. विट्याहून आजी म्हणते, "दात येत असतील गं. मीठ-मोहरी ओवाळून टाक आणि निजू दे." दात येताना अंग थोडं कोमट लागतं, बाळ चिडचिडतं, लाळ गाळतं, १०१-१०२ ताप दातांमुळे येत नाही. आजीचं दृष्ट काढणं राहू दे, त्याने कुणाचं नुकसान होत नाही. दातांवर ढकलून दोन दिवस काढले तर मात्र होतं.

पहिला प्रश्न वयाचा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर हा घटनाक्रम इथेच संपवायचा आणि रिक्षा बोलवायची. इतक्या लहान बाळाला १००.४ किंवा त्याहून अधिक ताप म्हणजे रात्र असो, पाऊस असो, लगेच रुग्णालय. त्या वयात रक्तातला किंवा मेंदूच्या आवरणाचा जंतुसंसर्ग तापाखेरीज दुसरी कुठलीही खूण न दाखवता बसलेला असू शकतो, आणि तपासल्याशिवाय तो कुणालाही, अगदी अनुभवी डॉक्टरलाही, नुसता बघून ओळखता येत नाही. आपलं बाळ आठ महिन्यांचं आहे. ते दूध ओढतंय, आईकडे बघून हसतंय, लंगोट ओला होतोय. आजची रात्र घरी काढायला हरकत नाही.

शनिवार, पहाटे ३. बाकी ९६ तास.

१०३.४. बाळ फणफणलंय, रडून रडून लाल झालंय. या पाच दिवसांतला आईबापांना सर्वांत भीतिदायक वाटणारा तास हाच, आणि बाळाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या तासांपैकीही हाच. संसर्गामुळे चढलेला एवढा ताप मेंदूला इजा करत नाही. ताप मेंदूत गेला, हे आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. मेंदूला इजा होते ती मेंदूज्वरासारख्या आजाराने, थर्मामीटरच्या आकड्याने नव्हे.

खरी चूक या वेळी औषधाच्या बाटलीपाशी होते. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास. आठ किलोच्या बाळाला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम. आता बाजारात पाहा. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. एका सिरपमध्ये पाच मिलिलीटरला १२० असतं, दुसऱ्यात पाचाला २५०. तीनही बाटल्या सारख्याच गुलाबी-केशरी. थेंबांचं औषध सिरपच्या चमच्याने पाजलं तर एका चमच्यात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपटीहून जास्त. पहाटे तीनला, अर्धवट उजेडात, हे घडतं. डॉक्टरांकडून बाळाच्या वजनाप्रमाणे किती मिलिलीटर ते लिहून घ्यावं आणि ते बाटलीवरच चिकटवून ठेवावं.

आणखी एक गोष्ट. दिल्लीत पावसाळ्यानंतरच्या तापात आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन किंवा मेफेनॅमिक ॲसिड देऊ नये. केमिस्टकडे पॅरासिटामॉल आणि मेफेनॅमिक ॲसिड एकत्र असलेलं सिरप मिळतं. "जोरदार आहे, लगेच उतरेल" म्हणून ते हातात ठेवलं जातं. ताप उतरतोही. पण डेंग्यू असेल तर पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

घड्या घालायच्या तर साध्या कोमट पाण्याच्या. बर्फ नको, कोलनवॉटर नको, स्पिरिट तर मुळीच नको. अंगावरची दुलई काढून सुती झबलं घालावं.

आणि झटका आला तर? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत शंभरातल्या दोन ते पाच जणांना तापात कधी ना कधी आकडी येते. डोळे फिरतात, हातपाय ताठतात, आणि आईबापांना वाटतं की मूल गेलं. बाळाला कुशीवर वळवायचं, तोंडात बोट, चमचा, पाणी काहीही घालायचं नाही, कांदा नि चप्पल हुंगवायची नाही, आणि घड्याळाकडे बघायचं. बहुतेक वेळा ती पाच मिनिटांच्या आत थांबते. थांबली तरी पहिली आकडी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. पाच मिनिटांवर गेली, किंवा नंतर बाळ शुद्धीवर येत नसलं, तर थेट रुग्णालय. दिल्लीत १०२, नोएडा-गाझियाबादेत १०८, कुठेही ११२.

शनिवार, सकाळी ११. बाकी ८८ तास.

डॉक्टर बाळाला नीट तपासतात: कान, घसा, छाती, टाळू. लघवीची तपासणी सांगतात, कारण या वयात नुसत्या तापामागे लघवीतला संसर्ग निघू शकतो. डेंग्यूची एनएस-१ चाचणी पाठवतात. प्रतिजैविक देत नाहीत. आईला ते कमीपणाचं वाटतं, पण हा चांगला डॉक्टर आहे.

रविवार, दुपारी ४. बाकी ५९ तास.

एनएस-१ पॉझिटिव्ह.

दिल्लीला हा आजार नवा नाही. १९९६ मध्ये शहराने त्याचं उग्र रूप पाहिलं: १०,२५२ रुग्ण आणि ४२३ मृत्यू. २०१५ मध्ये १५,८६७ रुग्णांची नोंद झाली, मृत्यू ६०. रुग्ण दीडपट आणि मृत्यू सातवा हिस्सा, या फरकात डॉक्टरांनी मधल्या एकोणीस वर्षांत काय शिकून घेतलं ते दिसतं. औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. कधी, किती आणि कुठवर द्रव द्यायचं, एवढंच ते शिकले.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, स्वच्छ पाण्यात वाढतो, आणि उत्तर भारतात त्याचं लाडकं ठिकाण म्हणजे खिडकीतला कूलर. त्याची अंडी कोरड्या टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुढच्या पाण्यात फुटतात. म्हणून कूलर नुसता रिकामा करून चालत नाही, घासावा लागतो.

आठ महिन्यांच्या बाळाबाबत मात्र एक विशेष अडचण आहे, आणि ती आईबापांना क्वचितच कुणी सांगतं. डेंग्यू दुसऱ्यांदा, वेगळ्या प्रकारच्या विषाणूने झाला तर तो अधिक उग्र होऊ शकतो, कारण पहिल्या वेळच्या प्रतिपिंडांपैकी काही नव्या विषाणूला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करतात. बाळाला तर हा पहिलाच डेंग्यू. पण आईला पूर्वी डेंग्यू होऊन गेला असेल, कदाचित तिला कळलंही नसेल, तर तिची प्रतिपिंडं गर्भातच बाळाकडे आलेली असतात. जन्मानंतर सुरुवातीचे काही महिने ती बाळाचं रक्षण करतात. नंतर ती विरळ होत जातात, आणि चार ते बारा महिन्यांच्या दरम्यान अशी वेळ येते की ती रक्षणाला अपुरी पण विषाणूला मदत करायला पुरेशी उरलेली असतात. आईने दिलेलंच बाळावर उलटतं. म्हणून या वयाच्या बाळाचा डेंग्यू हा "पहिलाच आहे, साधा आहे" असा धरायचा नसतो. शिवाय त्याला पोट दुखतंय हे सांगता येत नाही. कधी सर्दी, कधी जुलाब, असा डेंग्यू वेष बदलून येतो.

डॉक्टर म्हणतात, घरी ठेवायचं असेल तर ठेवा, रोज दाखवा. दाखल करून घेतो म्हणाले असते तरी मी त्यांना घाबरट म्हटलं नसतं.

सोमवार, सकाळी १०. बाकी ४१ तास.

रक्ताचा रिपोर्ट. प्लेटलेट एक लाख चाळीस हजार. बाबांची नजर तिथेच खिळते, आणि सगळ्या दिल्लीची तिथेच खिळलेली असते. डेंग्यूच्या मोसमात शेजारी भेटले की प्लेटलेटचे आकडे विचारतात; बकरीच्या दुधाचा भाव चढतो; पपईच्या पानांचा रस घरोघर निघतो. आठ महिन्यांच्या बाळाला यातलं काही देऊ नये. कच्च्या बकरीच्या दुधातून नवाच संसर्ग व्हायचा, आणि पपईच्या रसाने ओकारी झाली तर पोटात राहिलेलं पाणीही जायचं.

त्याच कागदावर दोन ओळी वर पीसीव्ही, म्हणजे हिमॅटोक्रिट, ३२ लिहिलेलं असतं. रक्तात तांबड्या पेशींचा हिस्सा किती, हे तो आकडा सांगतो. डॉक्टर त्याच्याभोवती गोल करतात. तो ३२ चा ३८-३९ झाला तर समजायचं की पेशी वाढलेल्या नाहीत, पाणी कमी झालंय. वाचवणारा आकडा हा आहे. प्लेटलेट कमी झाल्याने फार थोडी मुलं जातात; रक्तवाहिन्यांतलं पाणी निघून गेल्याने जातात. रक्तस्राव नसताना नुसता आकडा खाली आला म्हणून प्लेटलेट चढवून उपयोगही होत नाही. डॉक्टर बजावतात, "उद्या सकाळी पुन्हा रक्त द्या. ताप उतरला तरी या."

शेवटचं वाक्य जिन्यातच विसरलं जातं.

मंगळवार, सकाळी ९. बाकी १८ तास.

९८.२.

सहा तासांत पॅरासिटामॉल दिलेलं नाही आणि अंग गार. आई पहिल्यांदा आंघोळ करते. बाबा खाली दुकान उघडतात. विट्याला फोन जातो, "उतरला ताप." आजी देवापुढे दिवा लावते. पहाटेपासून रांगेत उभं राहून बाळाला पुन्हा सुई टोचवायची कशाला, असं दोघांनाही वाटतं. कुणाला वाटणार नाही?

या लेखात मला सांगायचं ते सगळं या एका सकाळीत आहे. आपल्या आईआजीने आपल्याला शिकवलेला, बाकी जवळजवळ प्रत्येक आजारात खरा ठरलेला नियम म्हणजे ताप उतरला की आजार उतरला. डेंग्यूत तो नेमका उलटा चालू शकतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप खाली येतो, आणि त्याच सुमारास केशवाहिन्यांच्या भिंती माठासारख्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी पोटात, फुप्फुसाभोवती उतरतं. हे पाझरणं चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चालतं. बहुतेकांना ते इतकं कमी असतं की कळतही नाही. काहींचं भरभर होतं, आणि कुणाचं होणार हे आधी सांगता येत नाही. म्हणून ताप उतरला त्या सकाळी बाळाला रुग्णालयात न्यायचं, रक्त तपासायचं, वजन करायचं. चढत्या तापात तीन वेळा धावलेल्या घराने ही चौथी खेप टाळू नये.

मंगळवार, दुपारी ३. बाकी १२ तास.

बाळाने दोनदा ओकारी केली. स्तन तोंडात धरतं आणि सोडून देतं. सकाळी नऊला बदललेला लंगोट अजून कोरडा आहे. उचललं की किरकिरतं, ठेवलं की पेंगतं, पुन्हा दचकून किरकिरतं.

एकेकाला कारण सापडतं. चार दिवसांच्या औषधांनी पोट बिघडलं असेल. दमलंय बिचारं. सगळ्या खुणा समोर असतात, फक्त एकत्र ठेवून पाहिल्या जात नाहीत, कारण थर्मामीटर म्हणतोय सगळं ठीक आहे. सतत ओकारी, दूध नाकारणं, सहा तास लघवी नाही, मलूलपणा किंवा विचित्र अस्वस्थता, पोट फुगणं किंवा दाबलं की कळवळणं, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी: यातली एकही खूण दिसली तर डॉक्टरच्या वेळेची वाट पाहायची नाही. आपल्या बाळाच्या अंगावर आता चार आहेत.

मंगळवार, संध्याकाळी ६. बाकी ९ तास.

आईला काहीतरी खुपतं. ती म्हणते, "हा असा नाही." आईच्या या वाक्याला वैद्यकात वजन आहे, चांगले बालरोगतज्ज्ञ ते ऐकून बाळाला पुन्हा तपासतात. निघायचं ठरतं. कुठे?

सप्टेंबर २०१५ मध्ये लाडो सरायच्या एका कुटुंबाला याच प्रश्नाने गाठलं होतं. सात वर्षांचा मुलगा, डेंग्यू, एकुलता एक. एकापाठोपाठ एक खासगी रुग्णालयांनी खाट नाही सांगून परत पाठवल्याचा आरोप झाला. शेवटी एका ठिकाणी दाखल करून घेतलं गेलं, पण ८ सप्टेंबरला तो गेला. त्यानंतर काही तासांतच त्याच्या आईवडिलांनीही आपलं आयुष्य संपवलं. दिल्ली हादरली. केंद्र आणि दिल्ली सरकारने चौकशा लावल्या, रुग्णालयांना नोटिसा गेल्या, डॉक्टरांच्या सुट्या रद्द झाल्या. खासगी रुग्णालयांनी दहा ते वीस टक्के खाटा वाढवाव्यात, डेंग्यूच्या चाचणीचे ६०० आणि प्लेटलेट मोजणीचे ५० रुपयांहून अधिक घेऊ नयेत, असे आदेश निघाले. त्याच महिन्यात सहा वर्षांच्या आणखी एका मुलाबाबत तशीच तक्रार आली.

ते कुटुंब उशिरा जागं झालं असं कुणीही म्हणू नये. त्यांनी दारं ठोठावली होती. पण त्या दिवसांतून एक गोष्ट निघते: कुठे जायचं हे बाळ तापाने फणफणलेलं असताना, सोमवारीच, ठरलेलं असावं. करोल बागेहून कनॉट प्लेसजवळचं कलावती सरन बाल रुग्णालय फार लांब नाही, ते सरकारी आहे आणि मुलांसाठीच आहे. यमुनापारच्यांना गीता कॉलनीतलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय, नोएडाकरांना सेक्टर ३० मधलं बाल रुग्णालय. खाटेला दोन मुलं असतील, बसायला जागा नसेल. पण आपत्कालीन विभागात बाळाची नाडी बघणारं कुणीतरी असेल. खाट मिळेल का, हे विचारत चार फोन करण्यात या घराचे दोन तास जातात. खाट नंतर मिळते. आधी सलाईन लागायला हवं, आणि ते आपत्कालीन विभागात स्ट्रेचरवरही लागतं.

मंगळवार, रात्री ९. बाकी ६ तास.

शेवटी जवळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेतात. कंपाउंडर ताप बघतो: ९७.६. "ताप नाही. उद्या डॉक्टर येतील."

त्याने बाळाचे तळपाय हातात घेतले असते तर ते गार लागले असते, पोट गरम आणि पाय थंड. तळपायावर किंवा छातीवर अंगठा पाच सेकंद दाबून सोडला असता तर फिकट डाग दोन सेकंदांत भरून आला नसता. हे करायला यंत्र लागत नाही. आईही करू शकते. शरीर उरलेलं रक्त हृदयाकडे आणि मेंदूकडे राखून हातापायांचं तोडतंय. वरचा रक्तदाब अजून ठीक दिसेल, खालचा वर सरकलेला असेल. दोघांतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की डॉक्टर त्याला शॉक म्हणतात, बाळ डोळे उघडून बघत असलं तरी.

आठ किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण ६४० मिलिलीटर रक्त असतं. या घटकेला त्याला हवं असतं ते किलोमागे १० ते २० मिलिलीटर सलाईन, तासाभरात. म्हणजे फार तर १६० मिलिलीटर. एका लहान पेल्याएवढं.

बाळाला घरी परत नेतात.

मंगळवार, रात्री १२. बाकी ३ तास.

किरकिर थांबली. "झोपलं एकदाचं," बाबा म्हणतात. आई दिवा मालवत नाही.

बुधवार, पहाटे ३.

मूल मोठ्या माणसासारखं हळूहळू खचत नाही. ते बराच काळ रक्तदाब टिकवून धरतं आणि मग एकाएकी सोडतं. नाडी लागत नाही, ओठ निळे-करडे, हाक मारली तर पापणी हलत नाही. आता तेच द्रव पंधरा मिनिटांत द्यावं लागेल, आणि शीर सापडणार नाही. नडगीच्या हाडात सुई घालावी लागेल. या अवस्थेतूनही मुलं वाचतात, चांगल्या अतिदक्षता विभागात बरीच वाचतात. पण शॉक लांबला की यकृत, मूत्रपिंड बिघडतात, रक्त गोठेनासं होतं, आणि मग द्रव देऊनही भागत नाही.

हेच बाळ मंगळवारी सकाळी नऊला, अंग गार असताना, हसत असताना नेलं असतं तर काय झालं असतं तेही लिहितो. पीसीव्ही ३२ चा ३७ निघाला असता. दाखल करून दर चार-सहा तासांनी तो पुन्हा मोजला असता, लघवी मोजली असती, सलाईन थेंबाथेंबाने, लागेल तेवढंच. बुधवारी रात्री पाझरणं थांबलं असतं. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी सलाईन बंद केलं असतं, आईने "अजून एक बाटली लावा ना" म्हटलं असतं तरी, कारण बाहेर गेलेलं पाणी आता आपणहून रक्तात परत येतं आणि वरून आणखी चढवलं तर फुप्फुसं भरतात. अंगावर तांबडं पुरळ, मध्येमध्ये पांढरे ठिपके, थोडी खाज. भूक परत. प्लेटलेट अजून साठ हजार, पण चढत्या. औषधाशिवाय ताप नाही असे पूर्ण दोन दिवस, लघवी भरपूर, दूध पोटात टिकतंय, एवढं झालं की शुक्रवारी घरी.